ओख्यात बागानची वेळ

ओखा, ११ फेब्रुवारी

ती. बाईदेवच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळगूळ भरलेले पिठे पोचले. पिठे शाळेतल्या मास्तरांनी फस्त केले, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं.

आता पुढचं देउतांना वाचून दाखवू नकोस, वडिलांनी ऐकावं असं ते नाही. कृपालीबद्दल मागे लिहिलं होतं, आमच्या शाळेत गणित शिकवते ती. तिच्या वडिलांनी, व्रजलालभाई रायचुरांनी, मला पारखायला म्हणून जेवायला बोलावलं. इकडे जेवायला रात्रीचे नऊ वाजून जातात आणि मी तर आठालाच पेंगायला लागतो. खिचडी-कढी वाढली, व्रजलालभाईंनी आपल्या घराण्याची चौकशी सुरू केली आणि तुझा धाकटा भाऊ ताटावर मान टाकून झोपी गेला. जागा झालो तेव्हा केसांना कढी लागली होती. मी निघाल्यावर त्यांनी कृपालीला विचारलं म्हणे, की मुलगा पिऊन आला होता का. दारूबंदीच्या राज्यात हे बालंट किती जड जातं, ते तूच समज.

इथे येऊन दोन महिने झाले तरी आपल्या चहाबागानचं झोपणं-उठणं अंगातून जात नाही. इकडे मिट्ट काळोख असतो आणि मला टक्क जाग येते. मग लख्ख दिवा लावून वह्या तपासत बसतो. संध्याकाळी वाऱ्याने वाळू येते म्हणून खिडक्या लावून घेतो, की लगेच डोळे मिटायला लागतात. मनगटावरचं घड्याळही अजून बागानच्याच वेळेवर आहे, सरकारी वेळेच्या तासभर पुढे. देउतांनी दिलेलं, काटे मागे करायला हात धजत नाही.

कृपालीखेरीज दुसऱ्या कुणाशी मला लग्न करायचं नाही, बाईदेव. काहीतरी सुचव. लोभ आहेच, तो या फजितीनंतरही राहावा.

तुझा जिंटू

*

कपौजान चहाबागान, २३ फेब्रुवारी

चि. जिंटूस अनेक आशीर्वाद.

पत्र मी देउतांना वाचून दाखवलं नाही, त्यांनी ते स्वतःच वाचलं. कढीपाशी पोचल्यावर इतके हसले की ठसका लागला. मग चष्मा पुसत म्हणाले, की मा असती तर तिने आधी केस धुतलेस का ते विचारलं असतं. धुतलेस ना?

मी इस्पितळातल्या फुकन डॉक्टरांना गाठलं. एका मैत्रिणीच्या भावाचं असं होतंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, जिंटूला कळव की मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर लागतं. इकडे पूर्वेला सूर्य लवकर उगवतो, म्हणून आपण बागानवाल्यांनी काटेच पुढे केले. तिकडे तो उशिरा येतो, तेव्हा तुझं आतलं घड्याळ थोड्या दिवसांत आपोआप मागे सरकायला हवं होतं. पण तू रोज अंधारात लख्ख दिवा लावून त्याला सांगतोस की उजाडलं, आणि ते बिचारं तुझ्यावर विश्वास ठेवतं. तर आता जाग आली तरी दिवा लावायचा नाही, अंधारात पडून राहायचं. संध्याकाळी खिडक्या न लावता समुद्रावर जाऊन सूर्य बुडेपर्यंत उजेडात बसायचं. कृपालीला बरोबर नेलंस तर डॉक्टरांची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.

विज्ञानाच्या मास्तराला हे चहाच्या मळ्यातून कळवावं लागतं, याची मात्र मला लाज वाटते. हातातलं घड्याळ असू दे, ते कोणाची झोप मोडत नाही.

तुझ्यावर हसणारी आणि काळजी करणारी,
निजरा

*

ओखा, २० मार्च

ती. बाईदेवच्या चरणी सा. न. वि. वि.

औषध लागू पडलं. समुद्रावर कृपालीही येते, डॉक्टरांचं नाव पुढे करून. आता रात्री अकरापर्यंत मी जागा असतो आणि सकाळी दूधवाल्याने दार ठोठावल्याशिवाय उठत नाही. तुला खरं वाटणार नाही.

व्रजलालभाईंना मी ते आतलं घड्याळ समजावून सांगितलं. ते म्हणाले, की त्यांनीही पुष्कळ सबबी ऐकल्या आहेत, पण ही नवीन आहे. मुलाचं घर बघितल्याशिवाय शब्द देणार नाहीत म्हणे. बिहूच्या सणाला ते आणि मी विमानाने येतोय. त्यांना तिथे काही खटकलं तर सगळं संपलं, कृपालीही त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. देउतांना माझ्या लहानपणच्या गोष्टी काढू देऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा जिंटू

*

कपौजान, २ मे

चि. जिंटूस अनेक आशीर्वाद.

व्रजलालभाईंचा होकार देउतांना पत्राने आलाय. तू विचारतोस, बिहूला त्या सकाळी नेमकं झालं काय, व्रजलालभाई नुसते हसतात आणि सांगत नाहीत. मग ऐक.

तुम्ही आदल्या दिवशीच आलेले, आणि देउतांनी चार वडीलधाऱ्यांना जोलपानाला बोलावलेलं, सकाळी सातला, अर्थात बागानच्या सातला. ओख्यात तेव्हा कोंबडासुद्धा उठत नसेल. व्रजलालभाई इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर येऊन बसले. देउतांनी त्यांच्या गळ्यात मानाचा गामोसा घातला, मी दही-पोहे आणि गूळ वाढला. देउतांनी घराण्याची माहिती सुरू केली, पणजोबांपर्यंत आले, आणि पाहुण्यांची मान वाडग्यात. मिशांसकट.

बरुआकाकांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, की पाहुणे दारूबंदीतून आलेत, तर इकडे मोकळे सुटले की काय. ते देउतांनी ऐकलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, की नाही, हे ओख्याच्या वेळेवर आहेत. तेवढ्यात व्रजलालभाई जागे झाले. त्यांनीही ऐकलं असावं. मी दिलेल्या टॉवेलने मिशा पुसल्या आणि मुलगा कुठाय म्हणून विचारलं. त्यांना तुझी माफी मागायची होती.

मुलगा आत घोरत होता.

लग्न दुपारी लावायचं ठरलंय, दोन्हीकडची माणसं जागी असतील अशा वेळी. आपल्याकडे लग्न रात्रीचं, म्हणून थोरांना ते जरा खटकलं, पण वाडग्याचा प्रसंग त्यांनी पाहिलेला होता.

आणखी एक. त्या सकाळी तुला उठवायला मी आले होते. बागानचा भोंगा वाजला. त्या भोंग्याला तू तापातही उठून बसायचास, या वेळी कूससुद्धा बदलली नाहीस. मनगटावर इकडची वेळ होती आणि अंगात तिकडची. मला कळलं, की आता तू आमच्याकडे पाहुणा म्हणून येणार. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मा गेल्यापासून तुला मीच उठवत आले. त्या दिवशी हाक मारली नाही. उजेड थेट तुझ्या डोळ्यांवर येत होता, पडदा तेवढा ओढून घेतला.

तिकडे वाटून उरेल तो लोभ इकडे पाठवत जा.

तुझी बाईदेव
निजरा