घंटीची जकात

दादा, कसे आहात? तुमचा डावा गुडघा आता तरी उठता-बसता कुरकुरत नसेल. आईचा दमा कसा आहे? थंडीत तिला चुलीजवळून हलू देऊ नका. नाक्यावरचे तुमचे शिपाई, चाचा, भेटतात का? त्यांच्या दाढेचं दुखणं तेवढं विचारा. तुम्ही तिघं गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी पत्र म्हटलं की हात आधी तब्येतीच विचारतो. इकडे आम्ही बरे आहोत. माझे केस तुमच्यापेक्षाही पांढरे झाले. तुमची सायकल मात्र काळीभोर आहे, आणि तिच्यापायीच आज लिहायला बसलो.

तुमची ती विलायती सायकल मागच्या चाकातल्या तीन गिअरांची. तुम्ही गेल्यावर एकाच गिअरवर अडून बसली होती. आतले दात धरणारे बारके खटके, ज्यांना आम्ही मिस्त्री कुत्रे म्हणतो, ते झिजले होते आणि स्प्रिंगा तुटल्या होत्या. सेलूत, परभणीत, जालन्यात, कुठंच मिळेनात. दुकान होतं तोवर लोकांच्या सायकली नीट करत राहिलो, आपली भिंतीला टेकून राहिली. दुकान बंद केल्यावर ती रोज समोर दिसायला लागली. शेवटी नातीनं मोबाइलवर विलायतेतलं एक दुकान शोधून काढलं. त्यांच्याकडे नेमके तेच कुत्रे, त्याच स्प्रिंगा. मागवताना नात म्हणाली, "आजोबा, भेटवस्तू म्हणून पाठवा असं लिहिते त्यांना, किंमत पण कमी टाकायला सांगते. न्हाईतर कस्टमवाले लय कर लावतात. सगळे असंच करायलेत." मी "बरं" म्हणणारच होतो. तेवढ्यात कानात तुमचा आवाज आला, "आणखी काही?"

तो दिवस आठवतो ना तुम्हाला? मी विशीतला, दुकान नुकतंच टाकलेलं. जालन्याहून माल घेऊन एसटीनं येतोय. देवगाव फाटा मागं पडला तसा मी निवांत झालो, कारण पुढं आपल्या गावचा जकात नाका, आणि नाक्यावर आपलाच बाप. जुनी माणसं तेव्हाही त्याला निजामाच्या वेळच्या नावानं करोडगिरीच म्हणायची. चाचांनी आडवा बांबू टाकला, गाडी थांबली, तुम्ही आत चढलात आणि थेट माझ्यासमोर उभे.

"पिशवीत काय हाय?"

"दादा, मी हाय की."

"तू कोन हाईस ते इचारलं न्हाई. पिशवीत काय हाय?"

सगळी गाडी हसायला लागली. मागून चाचा म्हणाले, "साहब, अपनाच बच्चा है, जाने दो ना." तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "बच्चा अपना है चाचा, नाका अपना नहीं है." मी खाली उतरलो. साखळ्या, पायडल, ब्रेकचे रबर, एकेक काढून तुमच्या टेबलावर मांडलं. कान तापले होते. खिशात तिकिटापुरतेच पैसे होते, ते संपलेले. तुम्ही स्वतःच्या खिशातून जकात भरली, माझ्या नावानं पावती फाडली, आणि विचारलंत, "आणखी काही?" मी म्हणालो, "न्हाई."

त्या सांजेला ओसरीवर तुम्ही आईला सांगत होता, "गाडीभर लोकांपुढं उतरवलं, पण पोरानं सगळं काढून दिलं बघ. एक नग लपवला न्हाई." आईनं कौतुकानं मला पिठल्याचा आणखी एक पळा वाढला. तो घास मला गिळवेना. का, ते पुढं सांगतो.

तर नातीला म्हणालो, "खरी किंमत लिही बाई. विकत घेतलंय तर विकत घेतलंय म्हण." तिनं कपाळाला हात लावला, पण लिहिलं. मग ते पुडकं कस्टमात अडकलं. बिल पाठवा, ओळखपत्र पाठवा असे निरोप येत राहिले. मी रोज दारात. एका दुपारी पोस्टमन आला आणि कराचा आकडा वाचून स्वतःच दचकला. "काका, मूठभर पुडकं अन् एवढा कर? सोनं हाय का काय?" म्हटलं, "कुत्रे हायेत." तो दोन पावलं मागं सरला. करासकट ते खटके मला अख्ख्या जुन्या सायकलच्या भावात पडले, पण दादा, मोजून देताना छाती भरून आली. पावती मागून घेतली आणि तुम्ही फाडलेल्या त्या पिवळ्या पावतीशेजारी डब्यात ठेवली.

चाक जोडलं. तिन्ही गिअर लोण्यासारखे पडले. सकाळी सायकल घेऊन नाक्याच्या जागी गेलो. जकात बंद झाली तसा नाकाही गेला, तिथं आता रसवंती आहे. तरी मी पाय टेकवला, घंटी वाजवली, आणि वेड्यासारखा बांबू वर जायची वाट बघत उभा राहिलो.

त्या घंटीचंच सांगायचं आहे. तुम्ही मला एसटीतून उतरवलंत त्या दिवशी ती माझ्या जेवणाच्या डब्यात होती. हिंदकळून वाजू नये म्हणून तिच्या वाटीत भाकरीचा तुकडा कोंबला होता. तुमच्याच सायकलसाठी घेतली होती. चार दिवसांनी मी ती बसवली, तुम्ही विचारलंत, "कुठली रे?" मी म्हणालो, "दुकानातली." मग नोकरी संपेपर्यंत रोज सकाळी तुम्ही तीच वाजवत नाक्यावर जायचात, आणि चाचा हसत बांबू उचलायचे.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी तुम्हाला फसवलं. पण काल खटके बसवताना एक गोष्ट ध्यानात आली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. नाक्यावर तुम्ही प्रत्येकाला "आणखी काही?" दोनदा विचारायचात. व्यापारी असो, बैलगाडीवाला असो, दोनदा. मला एकदाच विचारलंत. तो डबा टेबलावरच होता, भाकरीच्या फडक्यात बांधलेला, तुमच्या हाताच्या अंतरावर.

हे पत्र टाकायला पेटी नाही, सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवतो आहे. बाकी काही लिहू नका, दादा. माझ्यावर भरवसा होता म्हणून एकदाच विचारलंत, की कळलं होतं म्हणून, एवढंच लिहा. आणि जरा लवकर लिहा, माझाही गुडघा आता कुरकुरायला लागला आहे.