आतल्या खोलीतला पलंग

वाशी, रविवार संध्याकाळ, १९८८

आधी आली ती नात सुमा, तिचे आईबाप मागून आले. आनंदात चहात साखर दोनदा घातली मी. सुमा रबाळ्याच्या कारखान्यात कम्प्युटरवर असते. म्हणाली, "आजी, आमचं मशीन नुसतं रडत होतं. एका प्रोग्रामने मेमरीतली जागा लॉक केलेली. स्वतः वापरत नाही, सिस्टीमला काढून घेता येत नाही. बाकीची कामं सारखी डिस्कवर टाक, परत आण. त्यातच वेळ जातो."

"मग लॉक करतातच कशाला गं?"

"ज्या कामाला क्षणभर थांबून चालत नाही, त्याच्यासाठी."

मग तिने आतली खोली बघितली. पलंगावर धुतलेली चादर, हे तिघं राहायला आले तर म्हणून. माझी वळकटी हॉलमध्ये, रोज घाल, रोज उचल.

"आजी, आम्ही आलो तर पलंग आवरेपर्यंत थांबू शकतो. तू झोप तिथे."

हसले मी. पण त्या पलंगावर मी झोपले, म्हणजे ही मंडळी राहायला येणार नाहीत असं मीच कबूल केल्यासारखं, नाही का?

गेले सगळे. घर अगदी गप्प झालंय. आता पलंगावर बसूनच लिहितेय. कंबरेला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू? चादर काय, शुक्रवारी बदलीन. शनिवारी येतो म्हणालेत.