शिक्क्यावरचं कुंकू

घोटावडे, ता. मुळशी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रोहित,

दादाचा आशीर्वाद. हितं सगळी बरी हायेत. आईचा गुडघा तसाच दुखतोय. गव्हाला पाणी दिलंय. मागच्या खोल्यांत पिरंगुटच्या कंपनीतली पोरं भाड्यानं आलीत. तुझी वहिनी रोज तुझं स्टेटस बघती आन् मला दाखवती. जर्मनीतला बर्फ, तुझी ती निळी सायकल. बघून बघून मलाच सर्दी झालीय.

पाकिटात तुझा अनुभवाचा दाखला हाय, तू माझ्यासंग कामाला होतास त्या कंपनीचा, मूळ कागद. नवी कंपनी म्हणतीय ना, हा आल्याबिगर वर्क परमिट त्यांच्या नावावर होणार न्हाई, आन् पंचवीस तारीख गेली तर जागा दुसऱ्याला? कुरिअरवाला म्हणला, आठवड्यात पोचतंय. तवा घाबरू नगंस.

हे फोनवर का बोललो न्हाई ते सांगतो. फोनवर तुझं हसरं थोबाड दिसलं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू.

तुला म्हणलं होतं, कंपनीतले साहेब रजेवर हायेत, म्हणून दाखला आडलाय. न्हवते. पहिला दाखला वीस जानेवारीलाच माझ्या हातात आला. बसमधी वाचला. "रोहित यांनी मशिनचे सेटिंग स्वतंत्रपणे केले." च्यायला! तुला पाना धरायला कुणी शिकवला? पहिल्या महिन्यात तू तीन टूल मोडलेस, ते मी माझ्या अंगावर घेतले. जर्मनीला जायचा फॉर्म दोघांनी भरला. जर्मन भाषेत मी दोनदा नापास, तू पहिल्या झटक्यात पास. तवा गावात पेढे मीच वाटले. ते मला अजून पचले न्हाईत.

आपल्या घरात कुठलाबी कागद आधी देवापुढं जातो, तुला ठावं हाय. सातबारा असो नायतर गाडीचं आरसी, कुंकवाचं बोट लावल्याबिगर आई हलू देत न्हाई. दर बारीला मी तिला कोपरा दाखवतो, "हितं लाव." ह्या बारीला मी देवघराच्या दारात नुसता उभा ऱ्हायलो. तिनं ओलं बोट करंड्यात घातलं. तिला वाचाय येत न्हाई. गोल शिक्का बघून तीच जागा मानाची वाटली तिला. "आई, थांब" म्हणाय किती वेळ लागतोय? मी गप ऱ्हायलो. शिक्का आन् सही, दोन्ही लालभडक फिस्कटली.

मला बरं वाटलं, रोहित. लई बरं वाटलं. म्हणलं, येऊ दे परत. ऱ्हाऊ दे उभा पुन्हा माझ्या शेजारच्या मशिनवर.

मग तीन आठवडे रजेची थाप. परवा तू आईला फोनवर म्हणलास, परमिट न्हाई झालं तर येतो घरी, तुझ्या हातची भाकरी खाईन. तू हसलास, ती हसली न्हाई. फोन ठेवून मला म्हणली, "इंद्रा, माझ्या कुंकवानं तर न्हाई ना आडलं पोराचं?" फिस्कटलेला शिक्का तिनं बघितला होता, तवापासून मनात ठेवून होती. काल सकाळी तिनं देवाला कुंकूच लावलं न्हाई.

आज साहेबांकडं गेलो. ते म्हणले, "दुसरा देतो, पण ज्यानं त्याचं काम बघितलंय त्याचीबी सही पायजे. तूच कर." पेन धरलं आन् सगळा दाखला पुन्हा वाचला. पण लिवलेलं खोटं न्हाई. बारीक माप माझ्यापरीस तुझं चांगलं येतं. हे कधी तुझ्या तोंडावर बोललो न्हाई. सही केली.

आईला म्हणलं, देवापुढं ठेव. ती म्हणली, "नगं बाबा, तसाच धाड." मग मीच तिचा हात धरून पाकिटाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तो लाल ठिपका तिचा हाय.

मी दारात उभा होतो, हे तिला अजून ठावं न्हाई. सगळा दोष ती सोताच्याच बोटाला देतीय. दोनदा सांगाय गेलो, गुडघ्याचं इचारून माघारी आलो. परमिट झालं की तिला फोन कर आन् तू सांग. "दादानं बघितलं होतं, मुद्दाम गप बसला," असंच म्हण. मला वाचवू नगंस.

तुझ्यावर अजून जळतोय. सही मात्र खरी हाय.

तुझा दादा,
इंद्रजित