दाढीत जिरलेलं वंगण

ऑर्विल,

चुलीवर नुसता उकडलेला घेवडा आहे. मुद्दाम तसाच केलाय.

उद्या एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. म्हणून सकाळी मी रायफलची रिकामी काडतुसं पुन्हा भरायला बसले. नेहमीसारखं त्यांच्यावर बाटलीतलं लोकरीच्या चरबीचं वंगण फवारलं आणि त्यांना दाबून मापात आणणाऱ्या साच्याचा दांडा ओढला. पहिलंच काडतूस साच्यात असं रुतलं, की सोडवताना बुडाची कडाच तुटली. बाटली हुंगली तर निव्वळ पाणी! वंगण संपवलंस ते संपवलंस, वर पाणी भरून ठेवायची अक्कल कुठून आली?

कुठे संपवलंस ते विचारत नाही. आपला मेंढ्या राखणारा कुत्रा दोन दिवस तुझ्या दाढीमागे का लागलाय, ते आत्ता कळलं. चर्चमध्ये तुझ्या शेजारी गाणारी ती लव्हॉन "बाई गं, किती मऊ दाढी!" का म्हणाली, तेही कळलं.

तुझ्या बहिणीकडे दुसरा साचा मागायला चाललेय. तिला सगळं सांगणार आहे. एल्क मिळाला नाही, तर हिवाळाभर हाच घेवडा गिळायचा.

आणि खबरदार दाढी धुतलीस तर. आल्यावर उरलेली चाळीस काडतुसं तिच्यावरच घासणार आहे.

मेव्हिस