डाव्या अंगठ्याची खाच

आये,

आज चाकू उघडला. तू म्हणशील, चाकू उघडतोच, त्यात एवढं काय. पण तुझा कधी सरळ उघडला होता का? नाही ना? मग ऐक. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, भाजी करपली, तुझ्या जावयाने दोनदा विचारलं की लॉटरी लागली का, आणि त्याला पहिल्यापासून समजावत बसण्यापेक्षा तुलाच सांगावं असं वाटलं. कारण ही गोष्ट तुझी आहे, आणि मला ती तू गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलीय.

आधी हे सांगायला हवं की तुझी लेक आता चाकू बनवते. नोकरी सोडलेली नाही, तुळिंजच्या लॅबमध्ये अजून लोकांच्या कवळ्या आणि दातांच्या कॅप करतेच. पण सुट्टीच्या दिवशी गॅलरीत पाट मांडून बसते आणि जुने घडीचे चाकू नव्याने बांधते. पातं एकाचं, स्प्रिंग दुसऱ्याची, आतली पितळेची पट्टी एका लेथवाल्याकडून कापून आणलेली, आणि मूठ माझ्या हातची. कवळीला आकडे करायची जी पोलादी तार असते ना, तिचे तुकडे मी मुठीच्या खिळ्यांना वापरते. कधी गंजत नाहीत. पहिली मूठ तर कवळीच्याच मसाल्याची केली होती, हिरडीसारखी गुलाबी. जावई ती हातात घेऊन म्हणाला, हा कापतो की चावतो? हसतो मेला, पण सोसायटीत सगळ्यांना दाखवत तोच फिरतो. आणि आये, चाकू मिटताना स्प्रिंग अचूक बसली की 'टक' असा आवाज येतो, स्वच्छ, ना ढिला ना करकरीत. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी एकटीच गॅलरीत बसून टाळ्या पिटल्या होत्या. या वयात.

चाकूचं वेड मला कुठून लागलं हे तुला सांगायला नको. कामणला गोदामं नुकती उभी राहत होती, भातशेतीवरच्या बायका खोकी फोडायच्या कामाला लागल्या होत्या, त्यात तू. शाळा सुटली की मी थेट तिथे यायचे आणि दाराशी एका रिकाम्या खोक्यावर बसून तुझी वाट बघायचे. अजून तशीच दिसतेस. पदर खोचलेला, कमरेला सुतळीने बांधलेला घडीचा चाकू, त्याच्या मुठीची एक बाजू कधीच उडालेली, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. टेम्पोतून खोकी उतरतात. बाकीच्या बायका नखाने आपापले चाकू उघडतात. तू चाकू तोंडाशी नेतेस, पात्याची पाठ पुढच्या दातांत धरतेस, मान झटकतेस, आणि पातं बाहेर. त्या अजून नखं लावत असतात तोवर तुझी पहिली पट्टी कापून झालेली असते. बायका म्हणायच्या, हिचा टेच बघा. मला तर तू राणीच वाटायचीस. शाळेत मी फूटपट्टी दातांत धरून तसाच झटका मारून दाखवायचे, आणि बाईंचा ओरडा खायचे.

पुढे त्याच टेचापायी तुझ्या दाताचा कोपरा उडाला. बरीच वर्षं तू तो तसाच मिरवलास. मी लॅबमध्ये लागले, हात जरा बसला, तेव्हा घरच्या माणसासाठी केलेली पहिली कॅप तुझी होती. मी पांढरीशुभ्र करणार होते. तू म्हणालीस, शेजारच्या दातांना मिश्रीचा रंग आणि हा एकटाच नवरदेव, असं नको. म्हणून मुद्दाम मिश्रीच्या रंगाची केली, डॉक्टरसुद्धा हसले. आणि दुसऱ्याच दिवशी तू त्याच दाताने चाकू उघडलास. माझा जीव कळवळला. पगार झाल्यावर मी तुला नवा चकचकीत चाकू आणून दिला, खोल खाचेचा, नखाने अलगद सुटणारा. तू तो उलटासुलटा केलास, मूठ गालाला लावलीस, छान हाय म्हणालीस, आणि सरळ तोंडाशी नेलास. मी चिडले, देवाने नखं कशाला दिलीत म्हणून विचारलं. तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "दात माजं हायत, चाकू पन माजा. तू तुजं काम बघ." मी मनात म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू तर ती बरोबरच घेऊन गेलीस.

आता ऐक. मागे नंदाखालची एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, ऑफिस सोडून वडिलांची केळीची वाडी बघते. कुणाकडे तरी माझा चाकू तिने पाहिला होता. बरोबर चिकूची एक फांदी आणली होती, वादळात मोडलेली, घरात सुकवत ठेवलेली. वाडीत वापरायला चाकू हवाय, त्याला याची मूठ करून द्या म्हणाली. तिच्या हाताचा अंदाज यावा म्हणून मी माझे तयार चाकू तिच्यापुढे मांडले. तिने एक उचलला, इकडून बघितला, तिकडून बघितला, उलटा केला, आणि तो काही उघडेना. आणि मग, आये, तिने तो तोंडाशी नेला. दाताने का, असं मी जवळजवळ ओरडलेच. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "सॉरी ताई, सवय आहे. मी लेफ्टी आहे ना, खाच नेहमी पलीकडच्या बाजूला जाते."

मी तिच्या हातातून चाकू घेतला आणि बघतच राहिले. इतके चाकू बांधले, एवढ्या खाचा या बोटांखालून गेल्या, कधी लक्षात आलं नव्हतं. नखाची खाच पात्याच्या एकाच अंगाला असते. माणूस चाकू डाव्या हातात धरणार आणि उजव्या अंगठ्याने पातं ओढणार, असं धरूनच ती पाडलेली असते. डावखुऱ्याने तो उजव्या हातात धरला की खाच तळव्याकडे तोंड करून बसते, आणि त्याच्या जोराच्या अंगठ्याखाली येतं नुसतं गुळगुळीत पोलाद. मग राहतात दात. ती मुलगी फांदी ठेवून गेली तरी मी पाटावरून उठले नाही.

पण तू डावरी? तू तर उजव्या हाताने जेवायचीस, उजव्यानेच वाढायचीस, प्रसाद घ्यायचीस. लहानपणी मी एका पाहुण्याला डाव्या हाताने पाणी दिलं तेव्हा माझ्या मनगटावर फटका मारून म्हणाली होतीस, "डावा कामाला, उजवा मानसाला." मला वाटलं, शिस्त. आता वाटतं, तो फटका आधी कुणीतरी तुला दिलेला असणार. तरी खात्री होईना. गोदामात चाकू तुझ्या कुठल्या हातात असायचा ते डोळे मिटून आठवायला गेले तर कधी हा हात दिसे, कधी तो. आठवणीचं काय, आपण ढकलू तिकडे जाते. लॅबमध्ये मी कवळ्या घासत होते आणि डोक्यात सारखे तुझे हात. आणि मग मला भात आठवला. गोदामात अंगठा कापला की तू चिंधी बांधून घरी यायचीस, आणि त्या दिवशी तुला आपल्या हाताने जेवता यायचं नाही. चुलीपुढे बसून मी तुला भात-कालवण भरवायचे, तू लहान पोरासारखा आ करायचीस आणि डोळे मोठे करून मला हसवायचीस. का जेवता यायचं नाही तुला? कारण कापलेला अंगठा उजवा होता. आणि काम करताना उजवा अंगठा कापतो कुणाचा? ज्याच्या डाव्या हातात चाकू असतो त्याचा. मी तिथल्या तिथे मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझी आई डावखुरी होती. ती म्हणाली, बरं.

तिला काय कळणार. मला मात्र हसता हसता रडू आलं. टेच नव्हताच तो. अख्ख्या गोदामाला टेच वाटला, मला वाटला, आणि तू तो आम्हाला खुशाल वाटू दिलास. उजव्या अंगठ्यात जोर नाही, चाकू उघडत नाही, हे सांगण्यापेक्षा तुला दात परवडला. रागही आला तुझा, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त आनंद झाला, जणू तू मला नव्यानेच भेटलीस आणि माझी तुझ्याशी आता कुठे ओळख होत होती.

मग मी त्या चाकूला भिडले. तो डाव्या अंगठ्याने उघडलाच पाहिजे, बाकी काही झालं नाही तरी चालेल. माझ्याकडे वाडीच्या कामाला शोभेल असं एकच पातं होतं, कामणच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे मोडक्या मुठीत सापडलेलं, जुनं आणि फार गुणी. त्याच्या दुसऱ्या अंगाला नवी खाच पाडायची म्हणजे मोठी जोखीम. जरा खोल गेलं तर पातं तिथेच मोडणार, जरा तापलं तर पोलादाचं पाणी उतरणार आणि धार कधी टिकणार नाही. तसं दुसरं परत कुठे मिळायचं? मी जुन्या खाचेच्या जरा पुढची जागा धरली. लॅबमधला, कॅप घासायचा हिऱ्याचा बारीक दगड मोटरला लावला, पात्यावर पाण्याची धार सोडली, आणि टेकव, उचल, बोट लावून बघ, परत टेकव, असं करत गेले. जावई चहा घेऊन आला तर त्याला बोलू दिलं नाही. खाच उतरली. मग चिकूची फांदी चिरली तर आतून अशी तांबूस, घट्ट, की घासताना हात थांबेना. सगळं बसवलं, मिटलं, टक. पण माझा डावा अंगठा पडला आळशी, कधी उघडे, कधी निसटे. स्प्रिंग थोडी घासून मऊ केली तरी मला काही कळेना की चूक चाकूची आहे की अंगठ्याची. ते त्या मुलीच्या हातातच ठरणार होतं.

आज रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून ती आली. माझं सगळं लक्ष तिच्या अंगठ्याकडे, आणि ती मजेत सांगतेय की खाली स्कूटर लावायला जागाच नाही, घरी पाहुणे आलेत, वडील वाट बघतायत. बोलता बोलता तिने चाकू उजव्या हातात घेतला, डावा अंगठा आपोआप खाचेवर गेला, आणि पातं बाहेर आलं. तिने खाली बघितलंसुद्धा नाही. मिटला, टक. परत उघडला, परत मिटला, स्कूटरचं बोलणं चालूच. मग मूठ निरखून म्हणाली की चिकू ओळखूच येत नाही, किती छान झालाय, आणि थँक्यू म्हणून निघाली. खाचेबद्दल एक अक्षर नाही. मी दारात उभी. क्षणभर इतकं वाईट वाटलं, आये. मला वाटलं होतं ती थबकेल, माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल. आणि मग कळलं की ज्याचा चाकू उघडतो तो काही म्हणत नाही. गोदामातल्या त्या बायका तरी आपल्या चाकूंबद्दल कुठे काय म्हणायच्या? तिला त्यात विशेष काही वाटलं नाही, म्हणजे काम बरोबर झालं.

हे पत्र कुठे टाकू? आणि तुला मिळालं असतं तरी तू म्हणाली असतीस, डावरी कोन, मी नाय, आणि जेवलीस का म्हणून विषय बदलला असतास. तेव्हा राहू दे माझ्याजवळच. फक्त एक सांगते, जावयालाही सांगितलेलं नाही. ती खाली जाऊन स्कूटरला चावी लावत होती तेव्हा मी गॅलरीतून हाक मारून तिला परत वर बोलावलं. म्हटलं, एक खिळा सैल वाटतोय, जरा उघडून दाखव. खिळा अजिबात सैल नव्हता. मला तो डाव्या हाताने उघडताना अजून एकदा बघायचा होता.