पुदिन्याच्या सात काड्या

अहेरी,
२२ जून

प्रिय देवानंद,

'प्रिय' हा शब्द सवयीने उतरला. शाळेत पत्रलेखन शिकवताना मुलांना तोच लिहायला सांगते, म्हणून राहू देते. घरात होतास तेव्हा मी तुला 'अहो' म्हणायचे. आठ वर्षांत ते सुटलं. आता 'तू' लिहिताना हात अडखळत नाही.

माझं तसं बरं चाललंय. शाळा तीच, घर तेच. दोन वर्षांपूर्वी पित्ताने फार त्रास दिला, तेव्हा डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद केला. कोरा चहा घशाखाली उतरेना. मग एकदा बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, पानं चटणीला खुडली आणि उरलेल्या जाड काड्या ग्लासभर पाण्यात उभ्या करून ठेवल्या. आठव्या दिवशी गाठींतून पांढरी मुळं फुटली. तेलाच्या रिकाम्या पिप्याला खालून भोकं पाडली, माती, वाळू, शेणखत भरलं आणि काड्या खोचल्या. पहिला उन्हाळा त्याला सोसला नाही. एप्रिलमध्ये पानं कागदासारखी वाजायला लागली. पुढच्या वर्षी पिपा न्हाणीच्या भिंतीच्या सावलीत सरकवला, वर हिरवी जाळी बांधली, आणि मग तो असा माजला की शेजारच्या कमळाबाई रोज मूठभर नेऊ लागल्या. पानं पाण्याबरोबर उकळायची नाहीत, चहा कडू होतो. गॅस बंद करून मग चुरगाळून टाकायची आणि झाकण ठेवायचं, इतकंच. एवढ्याशा गोष्टीने माझी संध्याकाळ बरी जाऊ लागली.

जानेवारीत निशा आली. तुझा शाळेचा दाखला आणि इतर कागद माझ्या पेटीत राहिले होते, ते आणायला तू तिला पाठवलं होतंस. स्वतः का आला नाहीस, हे मी तिला विचारलं नाही. चपला अंगणाबाहेर काढून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी निशा. सिरोंचाची." माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान असेल. तिचा राग करायचा असं मी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. पण ती इतक्या लांबून एसटीने धक्के खात आली होती, तेव्हा आधी चहा ठेवला. दोन घोट झाल्यावर तिने विचारलं, "हे पान कायचं व्हय?" पुदिना म्हटल्यावर हसली. "आमच्या तेलुगूतबी पुदिनाच म्हणतेत."

मी चहाच्या पातेल्यावर परत झाकण ठेवायला गेले, ते हातातून निसटून फरशीवर पडलं. निशा भिंतीला चिकटली, दोन्ही हात डोक्याशी. मग तिचं तिलाच कळलं आणि ती ओशाळून खाली बघायला लागली. ते दचकणं मी ओळखलं. सहा वर्षं मी तशीच दचकत होते. तिने कागद पिशवीत ठेवले, आणि निघताना उंबऱ्यात थांबून विचारलं, "बाई, तुमी काऊन सोडलं त्याइले?" मी म्हटलं, "मी नाही सोडलं, तोच गेला." हे खरंच होतं. त्यापुढचं मी बोलले नाही. पुदिन्याच्या सात काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या आणि तिला बसस्टॉपवर सोडून आले. परत येताना स्वतःला सांगितलं की तिचं तिने बघावं. मला कोणी सांगितलं होतं?

आठ दिवसांनी तिचा फोन आला, मुळं फुटली म्हणून. मग फोन येतच राहिले. पानं पिवळी पडली, तर मी म्हटलं पाणी कमी घाल. शेंडे लांबच लांब चालले, तर म्हटलं खुडत जा, म्हणजे बाजूने फुटेल. मार्चमध्ये म्हणाली, कुंडी फुटली. काड्या परत पाण्यात ठेव, म्हटलं. एप्रिलमध्ये दुसरी कुंडी फुटली. "मांजर आहे का?" मी विचारलं. ती म्हणाली, "मांजर नाई बाई." त्या दिवशीही मी फक्त सांगितलं की या वेळी प्लास्टिकच्या डब्यात लाव. डब्याचा सल्ला देऊन फोन ठेवणारी बाई मीच होते, हे मला अजून पचत नाही.

तेरा मे रोजी दुपारी ती आली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला, त्याला ओढणी गुंडाळलेली. तिने सांगितलं ते एवढंच, की त्या दिवशी घरात दूध नव्हतं, म्हणून तिने तुला पुदिन्याचा चहा दिला. तिला घेऊन मी दवाखान्यात गेले. कमळाबाईंनी रस्त्यातच मला बाजूला घेतलं, "गिरजाबाई, इले काऊन घरात घेता? हिच्यापायीच तं तुमचा संसार मोडला नं?" मी म्हटलं, संसार हिच्या आधीच मोडला होता, तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. संध्याकाळी त्याच भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या, आणि निशाला स्वतःच्या हाताने भरवलं.

हात आता बरा आहे. बोटं मिटतात. चामडी गुलाबी आहे, उन्हात चुरचुरते. निशा शाळेच्या बचतगटात पापडाच्या कामाला जाते. मी तिला मराठी लिहायला शिकवते, ती मला तेलुगू. दोघींचंही अक्षर सारखंच वाईट.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. निशाच्या वडिलांचा, लच्छूभाऊंचा, काल तिच्या मोबाइलवर फोन आला. तू तीनदा त्यांच्या दारात जाऊन ओरडून आलास, पोरगी कुठी लपवली म्हणून. त्यांचं वय सत्तरीचं. तुझ्या भीतीने पाच दिवस झाले, ते गोदावरीवर जाळं घेऊन गेले नाहीत. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आम्हीच सांगितलं नव्हतं. म्हणून तुला लिहून कळवते: निशा माझ्याकडे आहे, आणि तिची इच्छा असेल तोवर इथेच राहील. तिने पोलिसांत तक्रार दिली आहे. तिच्यासोबत मीही माझा जबाब दिला, माझ्या सहा वर्षांचा, साडेचार पानं. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इतक्या उशिरा का? मी सांगितलं की आधी बोलले असते, तर या पोरीचा हात वाचला असता. म्हाताऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नकोस. काही विचारायचं असेल तर मला विचार. मी आता उत्तर देते.

एके काळी तुझीच,
गिरजा