बारा फेब्रुवारीचे मानकरी

१ जानेवारी, सकाळ
नवीन डायरी. संकल्प: रोज लिहिणे. राग न करणे. प्रमाण मराठीच बोलणे.
येत्या बारा फेब्रुवारीला मी साठीचा. त्याच तारखेला नाना फडणवीस जन्मले, अब्राहम लिंकन जन्मले, डार्विनही जन्मला. महादजी शिंदे त्याच तारखेला वारले. अशा तारखेला उगाच कोणी जन्माला येत नाही.
जठारपेठेतल्या आमच्या वाचनालयापुढे दोन लोखंडी खांबांवर मोठा काळा फळा आहे. त्यावर रोजचा दिनविशेष मी लिहितो. घटना, जन्म, मृत्यू. नोकरीत होतो तेव्हापासून. अर्धं अकोला तो वाचून कामाला लागतं. यंदापासून स्थानिक माणसंही घेणार. बारा तारखेला शेवटची ओळ माझी. ती स्वतः लिहिणं बरं दिसत नाही. शेखरने लिहावी. शेखर वाचनालयाचा सचिव, माझा शाळेपासूनचा दोस्त.

९ जानेवारी
मध्ये लिहायचं राहिलं. थंडी.
शेखरला सहज विचारलं, बारा फेब्रुवारीला काय आहे. म्हणे, "गुरुवार असन." मुद्दाम वेड पांघरतो.

२८ जानेवारी
लाला लजपतराय जयंती. खाली लिहिलं, "निधन: नत्थुजी, आपल्या वाचनालयाचे माजी अध्यक्ष." जुन्या शहरातून पक्की बातमी होती.
पेपर वाचायला नत्थुजी स्वतः आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे. मग म्हणाले, "मी कवा मेलो रे, गोपाल?"
गेलेले नत्थुजी दुसरे निघाले, तेलाच्या दुकानवाले. ओळ पुसली. जन्ममृत्यूच्या कामात एखादी चूक व्हायचीच. नत्थुजींनी मनावर घेतलं नाही. चहा न घेता गेले, एवढंच.

२९ जानेवारी
नत्थुजींचे साळे अमरावतीहून हार घेऊन आले होते म्हणे. माणूस जिवंत सापडल्यावर आनंद व्हायला पाहिजे. उलट भांडून गेले.

३ फेब्रुवारी
वाचनालयात मीटिंग. मला निरोप नाही. दारात गेलो तर सगळे गप्प. शेखरने मोबाईल पालथा ठेवला. ओळखलं. सत्काराची तयारी. मी काहीच न पाहिल्यासारखा परत फिरलो.
साधनाही हळू आवाजात फोनवर बोलते. मी आलो की "राँग नंबर" म्हणते. राँग नंबरला कोणी शेखरभाऊ म्हणत नाही. बायकोला आपला एवढा अभिमान असेल असं वाटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी
जाकीट शिवायला टाकलं. बदामी. भाषण पाठ करतो आहे. "मी एक साधा माणूस" अशी सुरुवात. पुढे तसं राहत नाही.
रागिणीचा फोन. माझी मुलगी, अमरावतीला कॉलेजात शिकवते. म्हणाली, "बाबा, बारा तारखेले तुमी अन् आई इकडंच या. वाढदिवस इथं करू." म्हणजे तीही सामील. हसू दाबून म्हटलं, बघू. म्हणे, "बघू नका, या." अभिनय चांगला करते.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
एडिसन जयंती. लिहायला गेलो तर फळा जागेवर नाही, खांबही नाहीत. भिंतीवर काहीतरी मोठं कापडाने झाकलेलं. माझी तसबीर असणार. जिवंतपणी एवढी मोठी नको, असं सांगावंसं वाटलं. राहू दिलं. त्यांचा हिरमोड कशाला.
जेवताना साधना म्हणाली, "उद्या तिकडं नका जाऊ." मी का विचारलं तर ताटात बघत बसली. लाजली.

१२ फेब्रुवारी
गेलो. जाकीट घालून.
हार एकच होता. तो नत्थुजींच्या गळ्यात. त्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं. टीव्हीसारखा पडदा. दिनविशेष आता नेटवरून आपोआप येणार. लिंकन आला, डार्विन आला. नाना नाहीत, महादजी नाहीत. मग कोचिंग क्लासची जाहिरात. टाळ्या.
शेखरला बाजूला घेतलं. म्हटलं, काहून? प्रमाण मराठीचा संकल्प मोडला.
तो म्हणे, "गोपालभाऊ, नत्थुजी कोर्टात जातो म्हणून राहिले होते. तुमाले सांगाले दोनदा आलो. तुमी दारातच भाषण म्हणून दाखवलं. मंग कसं सांगू?"
फळा कुठे आहे, विचारलं.
"मागं. संडासाचं दार तुटलं होतं, तिथं लावला."
शाळेत हा माझ्या डब्यातलं खायचा.

तीच तारीख, दुपार
साधनेला सगळं माहीत होतं. रागिणीलाही. मला तेवढं नाही. साधनेला विचारलं, तू तरी सांगायचं. म्हणाली, "सांगणारच होती. पण तुमी भाषण म्हणत घरभर हिंडत होते. नोकरी सुटल्यापासून तुमाले असं खुश पाह्यलं नाई. म्हटलं, राहू द्या दोन दिवस."
तिने शिरा केला होता. खाणार नाही म्हणून सांगितलं. नंतर थोडा खाल्ला.

१३ फेब्रुवारी
संकल्प: वाचनालयाची पायरी चढायची नाही. शेखरशी बोलायचं नाही. दोन दिवसांत अकोला माझ्या दारात येईल.

१७ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. लोकांना धक्का बसलेला दिसतो.

२३ फेब्रुवारी
गाडगेबाबा जयंती. पडद्यावर दाखवतात की नाही, एवढंच बघायला रस्त्याच्या पलीकडून गेलो. पायरी चढलो नाही. पडदा बंद होता.
समोर गाडीवर संत्री विकणारा पुंजाराम जवळ आला. "साहेब, फळा काहून काढला हो?"
निदान एक माणूस. त्याला विचारलं, रोज वाचायचास का.
"वाचता कुठं येते मले. त्याच्या सावलीत गाडी लागे. आता संत्री सुकून राहिली."
घरी आलो. माळ्यावरची मोठी छत्री काढून त्याला नेऊन दिली. बांधूनही दिली. चांगली सावली पडते.
कापड काळंच आहे. खडू उठतो का, उद्या बघतो.